आई, तू आमच्या कोपऱ्यात ये

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल फाइल अजून पडून आहे. तिचं नाव 'राष्ट्राध्यक्ष फायनल 4'. फायनल चार वेळा झालं, यावरूनच माझी काय अवस्था होती ते कळेल.

नवऱ्याच्या मागोमाग मी 2001 साली सांगलीहून अमेरिकेत आले. ग्रीन कार्डाच्या रांगेत बरीच वर्षं गेली आणि 2018 च्या डिसेंबरात एकदाची नागरिकत्वाची शपथ घेतली. नवऱ्याने घेतली नाही. वाळवा तालुक्यात त्यांची शेतजमीन आहे आणि भारतीय पासपोर्ट सोडायचा विषय निघाला की त्याच्या पोटात गोळा येतो. लेक मात्र इथलीच, ऑगस्ट 2002 चा जन्म. म्हणजे 2020 च्या नोव्हेंबरात निवडणूक होईल तेव्हा ती अठराची झालेली असणार. आम्ही राहतो त्या आयोवा राज्याचा नियम असा, की तोवर अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांच्या मुलांनाही कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या भागातल्या सभेत, भाग घेता येतो. त्यामुळे मायलेकींचं पहिलं मत एकाच रात्री, एकाच खोलीत पडणार होतं. नवरा पाहुण्यांच्या खुर्चीत.

आयोवातल्या माणसाला तेव्हा उमेदवार शोधायला कुठे जावं लागायचं नाही. 1972 पासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीची सुरुवात इथून व्हायची. उमेदवार निवडणारे इथले प्रतिनिधी किती, तर 2020 ला डेमोक्रॅटिक पक्षाचे 41, म्हणजे देशभरातल्या एकूण आकड्याच्या जेमतेम एक टक्का. पण पहिल्या निकालाचा गाजावाजा एवढा, की सगळे वर्षभर आधीपासून इथे मुक्काम ठोकायचे. 2019 च्या उन्हाळ्यात वीसहून जास्त जण रिंगणात होते. ऑगस्टच्या जत्रेत लोणी थापून केलेली गाय बघायची, काठीला लावलेला पोर्क चॉप खाणारे लोक बघायचे आणि पुढच्या मांडवात कोणीतरी सिनेटर वीस मिनिटं भाषण करतोय ते उभ्याउभ्या ऐकायचं. नवरा म्हणाला, आपल्याकडे आमदार पाच वर्षांत एकदा दिसतो, इथे हे लोक भाजी घ्यायला गेलं तरी आडवे येतात.

सगळे बरे वाटायला लागले, हीच माझी पंचाईत. बर्नी सँडर्स ओरडतात, पण मनापासून ओरडतात. पीट बुटिजेज अडतीस वर्षांचे, एका मध्यम शहराचे महापौर, पण बोलणं असं की ऐकत राहावं. अँड्र्यू यांग प्रत्येक प्रौढाला महिना हजार डॉलर देणार होते. एलिझाबेथ वॉरन यांची सभा एका शाळेत ऐकली, तर सभा संपल्यावर फोटोसाठी लागलेली रांग संपेपर्यंत त्या उभ्याच होत्या. लेकीने त्यांच्याबरोबर सेल्फी घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात सँडर्सचा बिल्ला दप्तराला लावला. विचारलं तर म्हणाली, "सेल्फी वेगळा, मत वेगळं."

मग मी तक्ता केला. आडव्या ओळीत उमेदवार, उभ्या रकान्यात मुद्दे: आरोग्य विमा, इमिग्रेशन, अनुभव, आणि शेवटी 'ट्रम्पला हरवेल का'. प्रत्येकाला दहापैकी गुण, प्रत्येक मुद्द्याला वजन.

आरोग्य विम्याचं वजन मी सगळ्यात जास्त ठेवलं, कारण ते माझं पोट आहे. डे मॉईन हे विमा कंपन्यांचं शहर. मी एका आरोग्य विमा कंपनीत क्लेम तपासते. आलेल्या बिलावरचा कोड बघायचा, पॉलिसी बघायची, बसत असेल तर मंजूर, नाहीतर नकाराचं पत्र. पत्र आपोआपच तयार होतं, मला फक्त कारणाचा आकडा निवडायचा असतो. तेव्हा लांबच्या एखाद्या गावातून शेतकऱ्याला हेलिकॉप्टरने आयोवा सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात आणायचे, तो वाचायचा, आणि महिन्याने कळायचं की हेलिकॉप्टरवाला 'नेटवर्कच्या बाहेरचा', म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेला, होता आणि बिल शेतकऱ्याच्याच अंगावर. असे आकडे मी निवडलेत. घरी येऊन जेवताना त्या गोष्टी सांगितल्यात, नाव-गाव गाळून.

सँडर्सना खासगी विमा बंद करून सगळ्यांसाठी एकच सरकारी योजना हवी होती. म्हणजे नकाराचं पत्र गेलं आणि त्याबरोबर मीही गेले! बुटिजेज म्हणत, ज्याला हवी त्याने सरकारी योजना घ्यावी, बाकीच्यांनी आपला विमा ठेवावा. एमी क्लोबुशार यांचं मतही साधारण तसंच. त्या शेजारच्या मिनेसोटाच्या सिनेटर. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा तिला गिळता येत नव्हतं. बाळ अतिदक्षता विभागात, आणि विम्याच्या नियमाप्रमाणे आईला चोवीस तासांत घरी पाठवलेलं. मग बाळंतिणीला अठ्ठेचाळीस तास मिळावेत म्हणून त्या विधिमंडळात गेल्या, सोबत गरोदर मैत्रिणींची फौज घेऊन. कायदा झाला. ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण तो चोवीस तासांचा नियम लावणारी कोणीतरी माझ्यासारखीच बसलेली असणार.

तक्त्यात पहिल्या वेळी बुटिजेज वर आले. मला पटेना. अनुभवाचं वजन वाढवलं, तर बायडन वर आले. ते पण नको वाटलं. चौथ्या फायनलमध्ये क्लोबुशार पहिल्या, वॉरन दुसऱ्या आल्या आणि मी फाइल बंद केली. परीक्षेत आधी बेरीज ठरवून मग प्रश्नांना गुण देणाऱ्या मास्तरांना आम्ही शाळेत शिव्या घालायचो. तेच मी केलं होतं. आणि 'हरवेल का' या रकान्याबद्दल तर बोलायलाच नको. तिथे मी उमेदवाराला नाही, शेजाऱ्यांना गुण देत होते. त्यांना बाई चालेल का, म्हातारा चालेल का, गे महापौर चालेल का, याचा अंदाज. शेजारीही बहुतेक माझ्याबद्दल तोच अंदाज बांधत बसले असतील.

14 जानेवारीला इथल्याच ड्रेक विद्यापीठात उमेदवारांचा कॉकसआधीचा शेवटचा वादविवाद झाला. दुसऱ्या दिवशी संक्रांत. त्यामुळे आमच्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात तिळगूळ एकीकडे आणि वॉरन दुसरीकडे. बाई जिंकू शकते का, या प्रश्नावर त्यांनी मंचावरचे पुरुष मिळून दहा निवडणुका हरलेत आणि एकही न हरलेल्या आम्ही दोघी बायकाच आहोत, असं सुनावलं होतं. त्यावर वाण लुटता लुटता जोरात टाळ्या पडल्या. पण एक मैत्रीण गप्प होती. तिचा नवरा अजून एच-1बी वर, मुलगा एकवीसचा होत आलेला, म्हणजे बापाच्या व्हिसावर इथे राहायची त्याची मुदत संपत आलेली. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत, ही अट काढायचं विधेयक सिनेटमध्ये अडलं होतं. ते मांडणाऱ्यांपैकी कमला हॅरिस डिसेंबरातच शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. मैत्रीण म्हणाली, "तुमचं बरंय, तुम्हाला निवडता तरी येतं." मी घरी येऊन इमिग्रेशनचं वजन वाढवलं. क्रम बदलला नाही. मग मुकाट्याने जुना आकडा परत घातला.

3 फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी सातच्या आत प्राथमिक शाळेच्या जिममध्ये रांगेत असणं सक्तीचं. मी कुठल्याच पक्षाची नव्हते, म्हणून दारातच फॉर्म भरून डेमोक्रॅट झाले. तिथे मतपेटी नाही, आडोसा नाही, बोटाला शाई नाही. भिंतीवर उमेदवारांच्या नावांचे कागद चिकटवलेले, ज्याला जो हवा त्याने त्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं. गुप्त मतदान लहानपणापासून नागरिकशास्त्रात घोकलेलं. आणि इथे समोर माझी दातांची डॉक्टर, लेकीचे गणिताचे सर, आणि ऑफिसातला एक मॅनेजर, तो नेमका सँडर्सच्या कागदाखाली! आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही छताकडे बघितलं.

मोजणी झाली. एकूण 212 माणसं. नियम असा, की ज्या गटात पंधरा टक्केही नाहीत तो गट बाद. 212 चे पंधरा टक्के म्हणजे 32. बुटिजेज 55, सँडर्स 46, वॉरन 43. बायडन 27, आम्ही क्लोबुशारवाले 25, यांग 13, आणि तिघं इकडे तिकडे. ज्यांचा गट टिकला त्यांना आता हलता येत नव्हतं. आम्हा बाकीच्यांना पंधरा मिनिटं मिळाली: दुसऱ्या कुणाला तरी जोडून घ्या, दुसरीकडे जा, नाहीतर घरी जा.

त्या पंधरा मिनिटांत जे झालं ते आमच्या लग्नाच्या बैठकीत झालं नव्हतं. आमच्या गटाच्या कॅप्टन निवृत्त शिक्षिका, बायडनचे कॅप्टन निवृत्त पोस्टमन. "तुम्ही सात द्या." "तुम्ही पाच द्या, आम्हाला कमी लागतात." दोघांचं म्हणणं एकच, मधला माणूस निवडा, आणि मधे नक्की कोण यावर दोघं अडलेले. यांगवाल्या पोरांभोवती तर गूळ बघून मुंगळे जमावेत तशी गर्दी. एकीने ताटभर बिस्किटं आणली होती, ती फक्त यांगवाल्यांना.

आणि सँडर्सच्या कोपऱ्यातून माझी लेक येताना दिसली. मागून त्यांचा कॅप्टन हसत होता. त्यानेच पाठवलं होतं, "ती तुझी आई ना? जा."

"आई, तू आमच्या कोपऱ्यात ये."

मी म्हटलं, तुमचा माणूस निवडून आला तर माझी नोकरी जाईल, तुझ्या कॉलेजची फी कोण भरणार? हा माझा हुकमी एक्का होता, घरी दोनदा चाललेला.

ती आजूबाजूला बघून मराठीत बोलायला लागली. "तू रोज जेवताना सांगतेस ना, आज कोणाला नाही म्हटलं ते. हेलिकॉप्टरवाला. ती बाई, जिच्या मुलाचं इन्सुलिन होतं. तू सांगतेस आणि मग जेवत नाहीस. बाबा ताट झाकून ठेवतो. तुझ्या एक्सेलमध्ये ते कुठल्या कॉलममध्ये आहे?"

फाइल तिने उघडून बघितली होती तर.

मला उत्तर सुचलं नाही. पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे पाहिलं, नवरा थर्मासमधला चहा ओतत होता, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. आमच्या कॅप्टनबाई आकडा सांगत होत्या: यांगचे चार आले, आता 29, अजून तीन हवेत. तेवढ्यात आमच्यातलेच पाच जण बायडनकडे सरकले आणि ते 32 झाले. संपलं. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, ज्याने त्याने बघा आता.

मी सँडर्सकडे गेले नाही. वॉरनकडे गेले, तो कागद सँडर्सच्या शेजारीच होता. भीती किती आणि पटलेलं किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. पण एक खरं: सगळ्यांना सरकारी योजना त्यांनाही हवी होती, फक्त आधी ऐच्छिक आणि मग तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांसाठीचा कायदा, असा टप्प्याटप्प्याचा हिशोब त्यांनी नोव्हेंबरात मांडला होता. शिवाय त्या दिवाळखोरीचा कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापक. दवाखान्याच्या बिलांनी माणसं कशी दिवाळखोर होतात याचा अभ्यास त्यांनी राजकारणात येण्याआधीच केलेला. माझी पत्रं पोचल्यावर पुढे काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं. तक्त्यात हा रकाना नव्हता.

पसंती लिहायच्या कार्डाच्या मागच्या बाजूला दुसरं नाव लिहिलं, सही केली, दिलं.

शेवटचे आकडे: बुटिजेज 65, सँडर्स 53, वॉरन 51, बायडन 36. सात जण घरी गेले. आमच्या भागाला पुढच्या, काउंटीच्या अधिवेशनासाठी सात प्रतिनिधी, त्यांची वाटणी दोन, दोन, दोन, एक. सभेच्या अध्यक्षबाई निकाल कळवायला फोन कानाला लावून उभ्या राहिल्या, आम्ही खुर्च्या आवरून निघालो तरी त्या उभ्याच. निकाल पाठवायचं नवीन अ‍ॅप राज्यभर कोलमडलं होतं. घरी जाऊन पिठलं-भात खाल्ला, टीव्हीवर अकरा वाजले, बारा वाजले, एक आकडा नाही. पुढे कित्येक दिवसांनी राज्याच्या 41 प्रतिनिधींची वाटणी झाली: बुटिजेज 14, सँडर्स 12, वॉरन 8, बायडन 6, क्लोबुशार 1. चौथे आलेले बायडन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. डेमोक्रॅटिक पक्षात आयोवाचा पहिला नंबरही गेला. 2024 ला डेमोक्रॅट मंडळींनी आपली पसंती टपालाने कळवली.

पण त्या रात्री घरी परतताना गाडीत लेक फोनवर गणित करत होती. गटातली माणसं गुणिले सात, भागिले 212. "आई, तू वॉरनकडे गेली नसतीस तरी त्यांना दोनच मिळाले असते. एक पॉइंट सहा पाच, राउंड होऊन दोन."

"बरं."

"आणि आमच्याकडे आली असतीस तरी आम्हाला दोनच."

नवरा म्हणाला, "म्हणजे हिने कुठेही उभं राहिलं तरी सारखंच की."

लेक थोडा वेळ गप्प बसली. मग मागच्या सीटवरून म्हणाली, "तरी यायचं होतंस."