माउंट प्लेझंट ते न्यूटन: जुन्या वॉशिंग मशीनवाल्यांच्या मुलखात

सासरे उन्हाळ्यात आमच्याकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला आले की थोड्याच दिवसांत त्यांना घर खायला उठतं. उभा जन्म इचलकरंजीत यंत्रमागांची जॉबरकी, म्हणजे माग जोडण्या-दुरुस्तीचं काम, करण्यात गेलेला. इथे बिघडण्यासारखं फारसं काही नसतं आणि जे बिघडतं ते उघडता येत नाही. मध्यंतरी डिशवॉशर बंद पडला, तेव्हा आलेल्या माणसाने सर्किट बोर्ड काढून दुसरा बसवला आणि बिल हातात ठेवलं. "ह्याला दुरुस्ती म्हणत्यात व्हय?" म्हणून बाबा कितीतरी वेळ धुसफुसत होते. तेव्हाच ठरवलं, की लेबर डेच्या सुट्टीत त्यांना आयोवात न्यायचं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची वॉशिंग मशीन्स उघडून बसणारी माणसं तिथे भेटतात. मागून कुणी जाणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून जरा तपशिलात लिहिते आहे.

पहिला मुक्काम माउंट प्लेझंट. तिथे १९५० पासून 'ओल्ड थ्रेशर्स रियुनियन' भरतं. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. त्याच्या आधीच्या गुरुवारपासून पाच दिवस ही जत्रा असते. मुख्य मान वाफेच्या इंजिनांचा आणि मळणी यंत्रांचा. नॅरो गेजची वाफेची आगगाडीसुद्धा आहे, बाबा तिच्यात दोनदा बसले. पण आपल्या कामाची जागा म्हणजे लहान पेट्रोल इंजिनांच्या रांगा. तिथे 'मेटॅग' हे जुन्या वॉशिंग मशीन कंपनीचं नाव लिहिलेलं काही दिसलं की थांबायचं.

जायचं कसं? शिकागोहून निघणारी अ‍ॅमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफर नेपरव्हिलला थांबते आणि माउंट प्लेझंटलाही. दुपारी बसलं की संध्याकाळी गावात. पण पुढे कलोना आणि मेटॅगचं गाव न्यूटन करायचं असेल तर गाडी हवीच, आणि एवढ्याशा गावात भाड्याची गाडी मिळेल या भरवशावर जाऊ नका. आम्ही आपली गाडी काढली. आय-८८, मग गेल्सबर्गवरून यूएस ३४ धरून बर्लिंग्टनला मिसिसिपी ओलांडायची. चार तास धरून चाला. बर्लिंग्टनमध्ये स्नेक अ‍ॅली नावाचा विटांचा नागमोडी रस्ता आहे, पाय मोकळे करायला ठीक. राहण्याचं मात्र उन्हाळा सुरू व्हायच्या आत बघा. जत्रेच्या दिवसांत गावातली हॉटेलं आधीच भरलेली असतात, बहुतेक लोक तंबू किंवा कॅम्पर घेऊन येतात. आम्हाला बर्लिंग्टनला खोली मिळाली, रोजचं जाणं-येणं पडलं.

आता मूळ विषय. वॉशिंग मशीनला पेट्रोल इंजिन कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असं, की १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. न्यूटनच्या एफ. एल. मेटॅगची कंपनी मुळात शेतीची अवजारं करणारी, १८९३ ची. १९०७ मध्ये तिने पहिलं मशीन काढलं, लाकडी टाकीचं, हाताने चालवायचं. वीज नसलेल्या घरांसाठी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टाकीखाली इंजिन आलं. शेतकऱ्याच्या बायकोने पायाने किक मारायची, धूर लांब लवचीक नळीने दाराबाहेर सोडायचा आणि धुणं टाकायचं. सोमवार हा धुण्याचा वार, त्यामुळे सोमवारी सकाळी वाड्यावस्त्यांवर ही फटफट ऐकू येत असणार.

रांगेत सगळ्यात जास्त दिसतं ते 'मॉडेल ९२', एका सिलिंडरचं. त्याच्या पुढचं दोन सिलिंडरचं '७२'. दोन्ही टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल. जुनी बजाज स्कूटर वापरलेल्या बाबांना हे सांगावं लागलं नाही. एका आजोबांनी त्यांना किक मारायला दिली. तिसऱ्या किकेला निळा धूर निघाला आणि बाबा असे हसले की मी मोबाइल काढेपर्यंत क्षण गेला होता. सूचना: इंजिनाचे सायलेन्सर आणि नळ्या तापलेल्या असतात, मुलांचे हात धरून ठेवा. आणि कुणाच्याही यंत्राला न विचारता हात लावू नका. विचारलंत तर मात्र तासभर सुटका नाही.

आम्ही सगळ्यात जास्त रमलो ते एका चौकोनी अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीपाशी. मेटॅगचं मॉडेल ई, वर पिळायचे रबरी रोलर, खाली चार पाय. मालक एक पन्नाशीचा शेतकरी. मशीन आजीच्या कोठारात वर्षानुवर्षं पडून होतं, मोटर फिरत होती, पण मधला अ‍ॅजिटेटर, म्हणजे कपडे खळबळणारा पंख्यांचा खांब, शाफ्टवर घट्ट धरला होता. या जुन्या मशीनांचं हेच ठरलेलं दुखणं. धुणं झालं की अ‍ॅजिटेटर उचलून ठेवायचा असतो, तो कुणी उचलत नाही, आणि साबण न् पाण्यातला चुना आत बसून दोन्ही धातू एकमेकांना चिकटतात.

त्याने किटलीतलं उकळतं पाणी अ‍ॅजिटेटरवर ओतलं. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, तेवढ्यानेच पकड ढिली होते. मग पंखांच्या खालून दोर घालून दोघांनी वर ओढायचं. पहिल्यांदा काही हललं नाही. बाबा इतका वेळ हाताची घडी घालून उभे होते, ते पुढे झाले, ओढणाऱ्यांपैकी एकाचा हात धरून दोर सरळ केला (तो तिरका ओढत होता) आणि लाकडी मोगरी मागून घेतली. खालच्या कडेला गोल फिरत हलकेच ठोकलं. जोर नाही, नुसतं टकटक. पुन्हा पाणी, पुन्हा ओढणं, आणि टप्पकन अ‍ॅजिटेटर वर आला. खाली साबणाचा पांढरा थर, एक शिंपल्याचं बटण आणि गंजलेली केसांची पिन. ते बटण मालकाने पुसून शर्टाच्या खिशात टाकलं.

मग गिअरबॉक्स उघडला. बाबांनी तारेच्या टोकावर आतलं ऑइल घेऊन उजेडात धरलं. दुधाळ दिसलं असतं तर वरचं सील गेलं आणि पाणी आत उतरलं असं समजायचं. ते काळं पण स्वच्छ निघालं. मोटर एका दिशेने फिरते आणि अ‍ॅजिटेटर मात्र डावी-उजवीकडे हेलकावतो, ती करामत या डब्यात. बाबा बराच वेळ गिअरच्या दात्यांकडे बघत राहिले. "अगं, मागात क्रँक फणीला म्होरं-मागं हलवती, तसंच हाय हे. फिरतं ते हेलकावतं करायचं. सांग त्यांना." मी सांगितलं. त्या शेतकऱ्याने यंत्रमाग कधी पाहिला नव्हता, पण बाबांनी हाताने करून दाखवल्यावर त्याला समजलं. पुढचा तासभर माझी दुभाष्याची नोकरी गेली.

रोलरबद्दल एक गंभीर सूचना. पिळायच्या रोलरमध्ये बोटं, हात, केस सापडून त्या काळी बायकांना आणि लहान मुलांना भयंकर इजा व्हायच्या. रोलरच्या वर दाबायची एक पट्टी असते, ती दाबली की दोन्ही रोलर झटक्यात सुटे होतात. मशीन चालू करण्याआधी ती चालते का ते बघायचं, मग बाकीचं. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, मोकळे केस यातलं काही नको. मी वेणी आत खोचून टोपी घातली होती.

खाण्याचं म्हणाल तर जत्रेत चर्चवाल्यांचे जेवणाचे तंबू असतात, स्वस्त आणि पोटभर. शाकाहाऱ्यांना मक्याची कणसं, बटाटे, 'पाय' (गोड सारणाची भाजलेली पेस्ट्री) आणि आइस्क्रीम यावर दिवस काढावा लागतो. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. सुट्टे पैसे जवळ ठेवा. ऊन कडक असतं, सावली कमी.

सोमवारी माउंट प्लेझंटहून यूएस २१८ ने उत्तरेला निघालो आणि कलोनाला वळलो. इथे आमिश लोकांची, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, मोठी वस्ती. ही मंडळी घरात कंपनीची वीज घेत नाहीत, त्यामुळे अनेक घरांत अजून रोलरची मशीन्स इंजिनावर चालतात. मेटॅगने असं मशीन करणं १९८३ मध्ये थांबवलं, तरी रोलर, सील, पट्टे अजून मिळतात त्यामागे हे गिऱ्हाईक आहे. हौशी लोकांना त्यांच्यामुळे माल मिळतो. सोमवार असल्याने घरोघरी दोऱ्यांवर गडद निळ्या-काळ्या कपड्यांच्या रांगा होत्या. माणसांचे फोटो काढू नका, त्यांना ते चालत नाही. रविवारी त्यांची दुकानं बंद असतात, त्यामुळे जायचं तर इतर वारी. चीज घ्या, ताजं असतं.

न्यूटन तिथून आय-८० ने पश्चिमेला. गावाबाहेरच, एक्झिट १६४ पाशी, जॅस्पर काउंटी हिस्टॉरिकल म्युझियम आहे. ते उन्हाळ्यापुरतं आणि तेही दुपारचं उघडतं, म्हणून निघण्याआधी फोन करा. मेटॅगची मशीन्स इथे ओळीने मांडली आहेत. १९१९ मध्ये ओतीव अ‍ॅल्युमिनियमची टाकी आली आणि १९२२ मध्ये हॉवर्ड स्नायडर यांचा अ‍ॅजिटेटर टाकीच्या तळाशी गेला. त्याआधी कपडे पाण्यातून ओढले जायचे, आता पाणी कपड्यांतून जाऊ लागलं. बाजार त्या एका बदलाने मेटॅगच्या हाती आला. गावात मेटॅगच्या नावाची बाग आहे, मेटॅग घराण्याने सुरू केलेल्या डेअरीचं ब्लू चीजही १९४१ पासून आहे (मला झेपलं नाही, नवऱ्याने संपवलं). कारखाना मात्र नाही. २००६ मध्ये व्हर्लपूलने कंपनी घेतली, २००७ मध्ये न्यूटनचं उत्पादन बंद झालं. संग्रहालयात काचेपलीकडची मशीन्स बघताना बाबा गप्प होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चालत न्हाईत की एकबी."

चालणारी बघायची तर 'वॉश-इन'ला जावं लागतं. जुन्या मशीनांचे संग्राहक एकमेकांच्या घरी जमतात आणि दिवसभर धुणं धुतात, त्याला ते हे म्हणतात. याची तिकिटं नसतात. जत्रेत ओळख झालेल्या एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला घरी बोलावलं. रीत एकच: मळके कपडे घेऊन यायचं. रिकाम्या हाताने आलेल्याला यजमान स्वतःचे टॉवेल देतात, पण ते जरा कमीपणाचं. आमच्याकडे जत्रेतल्या धुळीचे कपडे होते आणि मुद्दाम ठेवलेले हळदीचे डाग पडलेले नॅपकिन.

तळघरात भिंतीला लागून मशीन्स उभी, प्रत्येकाला स्वतंत्र नळ आणि निचरा. फ्रिजिडेअरचं एक होतं, ती कंपनी जनरल मोटर्सकडे होती त्या काळातलं. त्याचा अ‍ॅजिटेटर फिरत नाही, वर-खाली आपटतो आणि कपड्यांना खाली गिळतो. झाकण उघडून बघायला वाकलात तर तोंडावर पाणी येतं, सगळे हसतात. कोपऱ्यात बेंडिक्स. घरगुती वापराचं पहिलं ऑटोमॅटिक मशीन या कंपनीने १९३७ मध्ये लोकांसमोर आणलं. गोल काचेचं दार, आजच्या फ्रंट लोडसारखं. पण तेव्हा ड्रम स्प्रिंगांवर टांगून हादरे झेलण्याची युक्ती नव्हती, त्यामुळे मशीन जमिनीला बोल्टने आवळावं लागायचं. यजमानांनी त्यासाठी वेगळा काँक्रीटचा ओटा केला आहे. ते पिळायला लागलं तेव्हा पायाखाली जमीन थरथरली.

मग आलं 'ईझी स्पिनड्रायर', दोन टाक्यांचं: एकीत धुवायचं, दुसरीत पिळायचं. जमलेले सगळे त्याच्याभोवती आदराने उभे. बाबा म्हणाले, "ही तर आपली सेमी-ऑटोमॅटिक!" आणि मोबाइलवर इचलकरंजीच्या बाथरूममधल्या मशीनचा फोटो शोधून दाखवला. अमेरिकेत दोन टाक्यांची मशीन्स केव्हाच मागे पडली आहेत, आणि आपल्याकडे ती अजून दुकानात नवी मिळतात. हे ऐकून खोलीत जो गलका झाला तो ऐकण्यासारखा होता. एकाने तर स्पिनरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवण्याची विनंती केली. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी पाठवला, मागे कुकरच्या शिट्टीसकट.

हळदीचे डाग कुठल्याच मशीनने काढले नाहीत. "उन्हात टाका," बाबा म्हणाले. टाकले, फिके झाले.

मशीन विकत घ्यायचा मोह होईलच, म्हणून शेवटी थोडं. अ‍ॅजिटेटर हाताने वर उचलला जातो का ते आधी बघा, जात नसेल तर भाव पाडा. टाकीत आतून खड्डे पडलेले असतील तर सोडून द्या. कापड फाटतं आणि त्याला इलाज नाही. रबर कडक झालं असेल तर घाबरू नका, रोलर बदलता येतात. जुन्या वायरला अर्थिंग नसतं. तीन पिनांची नवी वायर घाला आणि ओल्या जागेत शॉक बसण्याआधी वीज तोडणारा जीएफसीआय सॉकेटच वापरा. उचलायला दोन माणसं आणि हातगाडी लागते, सेडानमध्ये जात नाही. आणि भारतात न्यायचा विचार असेल तर सोडा: १२० व्होल्टला ट्रान्सफॉर्मर मिळेल, पण इथली मोटर ६० हर्ट्झची, आपल्या ५० हर्ट्झवर ती हळू चालते आणि तापते. बाबांनी तरी सगळा हिशेब मांडून झाला आहे. पुली बदलायची म्हणतात.