खडूची फुली

रायफल बिघडल्याचं मला सगळ्यात आधी माझ्या वहीनं सांगितलं. मी मात्र तिच्यावर दोन महिने विश्वास ठेवला नाही.

३०० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचं असतं. पडून मारताना माझ्या दहापैकी आठ-नऊ गोळ्या त्यात सहज बसायच्या. मग सहा-सात बसू लागल्या, आणि अधूनमधून एखादी गोळी कारण नसताना आठात जाऊ लागली. मी आधी वाऱ्यावर आळ घेतला, मग हातातल्या पट्ट्यावर, मग स्वतःच्या श्वासावर, शेवटी काडतुसांच्या बॅचवर. वहीत प्रत्येक सरावात झाडलेल्या गोळ्यांचा आकडा लिहिलेला होता आणि त्याची बेरीज ५,२०० च्या पुढे गेली होती. .३०८ मापाच्या काडतुसाची बॅरल, म्हणजे नळी, इतकं चालली म्हणजे तिनं आपलं काम चोख केलं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येतं हे जसं आपण उशिरा कबूल करतो, तसं माझं झालं.

रायफली दुरुस्त करणाऱ्या काकांनी बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत डोकावणारा कॅमेरा, आत घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, संपून रायफलिंगचे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे, कंगोरे जिथे सुरू होतात तो भाग म्हणजे थ्रोट, बॅरलचा घसा. तिथलं पोलाद आटलेल्या तळ्याच्या तळासारखं भेगाळलं होतं. दर गोळीला अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेला वायू चार हजार बारच्या घरातल्या दाबानं त्या घशातून जातो. क्षणाचाही छोटा तुकडा, पण पाच हजार वेळा. कंगोऱ्यांच्या कडा सुरुवातीलाच विरून गेल्या होत्या. पुढची सगळी लांबी मात्र आरशासारखी स्वच्छ होती. मी तीच बघत बसले होते.

एक गोष्ट आधीच सांगते. बॅरल बदलणं हे परवानाधारक कारागिराचं काम आहे. काका ते चाळीस वर्षं करताहेत. मी आयुष्यभर टूलरूममध्ये लेथवर उभी राहिले, म्हणून त्यांनी मला मदतनीस म्हणून शेजारी उभं राहू दिलं. पहिली चूक मात्र मी त्यांच्याकडे जायच्या आधीच करून ठेवली होती.

आपण थोडी पूर्वतयारी करून न्यावी, असं मला वाटलं. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) काढला, चेंबर रिकामी असल्याचं डोळ्यांनी बघितलं, करंगळी घालूनही बघितलं, स्टॉक, म्हणजे दस्ता, उतरवला. तिथपर्यंत ठीक होतं. मग ॲक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा, आणि बॅरल यांच्या सांध्यावर गंज सोडवणारं तेल सोडायला सुरुवात केली. रोज रात्री दोन थेंब, आठ दिवस. बारीक फटीत तेल आपोआप ओढलं जातं हे खरं, पण त्यासाठी फट असावी लागते. तिथे ती नव्हती. तेल आत गेलंच नाही, ते बॅरलवरून खाली पसरत राहिलं.

बॅरलच्या मागच्या भागावर जुन्या काळी कुणीतरी बसवलेला एक ब्लॉकही होता, दोन स्क्रूंचा. मी कधी वापरला नाही. तोही काढून ठेवावा म्हणून एका संध्याकाळी बसले. पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याची खाच सोलवटली. रात्री अकरापर्यंत मी त्याच्याशी झटत होते.

काकांनी ब्लॉककडे बघितलं. "हा नव्या बॅरलवर लावायचाय?"

"नाही."

"मग?"

मला उत्तर देता आलं नाही.

खरी अडचण पुढच्या टोकाला होती. फोरसाइटचा, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेचा, तळ नव्या बॅरलवर जाणार होता, त्यामुळे तो शाबूत निघायला हवा होता. तो दोन एम-४ ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या स्क्रूंनी) आवळलेला, आणि दोन्हींवर कुणीतरी सढळ हातानं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, ओतलेला. अशा स्क्रूला जोर लावण्याआधी गरम करायचं असतं. बर्नरनं नाही, सोल्डरिंग आयर्ननं. त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत तीन-चार मिनिटं टेकवून ठेवलं की उष्णता फक्त त्या स्क्रूत आणि त्याच्या आट्यांत जाते, आजूबाजूचं काही करपत नाही. पहिला स्क्रू लोणी कापावं तसा फिरला.

दुसऱ्याला मी माझी २ मिलिमीटरची ॲलन की लावली आणि तिनं खाच गोल करून टाकली. दोष कीचा होता, म्हणजे माझाच. टोकाला गोलाई आलेली की मी वर्षानुवर्षं वापरत होते. ॲलन कीचं टोक झिजलं की तेवढा तुकडा ग्राइंडरवर सरळ कापून टाकायचा, मध्येमध्ये पाण्यात बुडवायची म्हणजे पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा, उतरत नाही, आणि मागची ताजी धार वापरायची. टूलरूममध्ये मी हे पोरांना शिकवत होते!

काकांनी किंचित मोठा टॉर्क्स बिट घेतला, खाचेवर ठेवला आणि छोट्या हातोडीनं ठोकून आत बसवला. टॉर्क्सच्या सहा कडांनी गोल झालेल्या खाचेत स्वतःची जागा करून घेतली. पुन्हा गरम केलं, पुन्हा फिरवलं. एक कडक आवाज, आणि स्क्रू सुटला. बिट त्यातच अडकून राहिला, दोघंही भंगारात. अडकलेला स्क्रू ओढून काढणाऱ्या स्क्रू एक्स्ट्रॅक्टरला काकांनी हातही लावला नाही. ते नाजूक आणि अतिशय कडक असतात, इतक्या बारीक मापात आत मोडला तर त्याला साधं ड्रिलही लागत नाही. मग एका अडचणीच्या दोन होतात.

आता बॅरल. बॅरल व्हाइस म्हणजे दोन जाड पोलादी ठोकळे, मध्ये बॅरलच्या मापाची दुभागलेली ॲल्युमिनियमची बुश. बुशमध्ये राळेची पूड भुरभुरायची, म्हणजे पकड बसते. ॲक्शनला रेंच बाहेरून, पुढच्या जाड कड्यावरच लावायचा. बोल्टसारखा मागून आत जाणारा रेंचही मिळतो, पण सांधा हट्टी असेल तर त्यानं ॲक्शन पिळवटण्याची भीती असते.

काकांनी दांड्यावर जोर दिला. बॅरल व्हाइसमध्ये घरंगळली. नट आणखी आवळले, राळ आणखी टाकली, पुन्हा तेच. बुश उघडून बघितली तर राळेचा तपकिरी चिकट लगदा झालेला. माझं आठ दिवसांचं तेल! ॲसिटोननं सगळं पुसून काढलं, तिसऱ्यांदा लावलं. या वेळी बॅरल जरा उशिरा घरंगळली, एवढाच फरक. स्टेनलेसवर एक चकचकीत पट्टा उमटला.

त्या पट्ट्याकडे बघून मी चक्क हळहळले. "काका, मध्ये चामडं घालू या का? ओरखडे पडताहेत."

काका थांबले. खिशातून खडू काढला आणि बॅरलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मोठी फुली मारली.

"ही मेली. हिला कशाला जपतेस? जपायचं ते हे." आणि त्यांनी ॲक्शनवर थाप मारली.

लेथवर इतकी वर्षं काढूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आठवडाभर मी एकच पथ्य पाळत होते, कशालाच धक्का लागता कामा नये. आम्ही अडकलेल्या जोडीला दोन्ही बाजूंनी गोंजारत होतो, आणि त्यातली एक बाजू तर भंगारात जायची होती.

फुली मारल्यावर काम वेगळंच झालं. मी गॅसच्या बर्नरकडे बघितलं, कारण आट्यांतही थ्रेडलॉकर असणार अशी शंका आता दोघांनाही होती. जास्त पकडीचा थ्रेडलॉकर २५० अंशांच्या आसपास ढिला पडतो.

"ॲक्शनच्या पोलादाचा दाखला आहे तुझ्याकडे?" काकांनी विचारलं.

नव्हता. काही पोलादांना २५० अंशांनी काही होत नाही. काहींचं टेम्परिंगच २०० च्या आसपास झालेलं असतं, आणि बोल्टचे लग, म्हणजे त्याला अडकवून ठेवणारे दात, ज्या खोबणीत टेकतात ती जागा सांध्यापासून बोटभर अंतरावर. तिथलं पाणी उतरलं तर ते वरून दिसतही नाही. बर्नर जागेवर राहिला.

त्याऐवजी काकांनी बॅरलच्या जाड भागाला मिलिंग मशीनवर दोन्ही बाजूंनी सपाट पाट काढले. आता बुश नको, राळ नको. व्हाइसचे जबडे थेट पोलादावर, समोरासमोर. बॅरल घरंगळायला जागाच उरली नाही.

तेवढ्यावर एकदा जोर लावून बघितला. पाइप घालून लांब केलेला दांडा धनुष्यासारखा वाकला, सांधा हलला नाही. काका म्हणाले, "चल, तुझ्या लेथवर."

बॅरल चार जॉच्या चकमध्ये धरली, ॲक्शन बाहेरच्या बाजूला. पुढचं टोक स्पिंडलमधून मागे निघालेलं, त्याला लाकडी पाचरींचा आधार. वेग अगदी कमी, कारण एका बाजूला खिडकी असलेली ॲक्शन फिरताना झोल खाते. पार्टिंग टूलनं, ॲक्शनच्या तोंडापासून दोन मिलिमीटर पुढे, मी बॅरलला एक खाच पाडायला घेतली. ३१ मिलिमीटरचा व्यास २६ पर्यंत खाली आणायचा होता. यामागचं गणित सोपं आहे. बॅरल आवळताना तिचा खांदा, म्हणजे आट्यांपुढची जाड कड, ॲक्शनच्या तोंडावर दाबला जातो आणि आटे ताणले जातात. तोच ताण सांधा धरून ठेवतो. खांद्यामागचं धातू काढून घेतलं की त्या खांद्याला टेकायला पाठबळच राहत नाही. साध्या नट-बोल्टमधल्या बोल्टचं डोकं छाटल्यावर तो जसा सैल पडतो, तसंच.

२७ च्या आसपास आल्यावर एक बारीक 'टक्' ऐकू आला. मी टूल मागे घेतलं. काका मशीनच्या पलीकडे उभे होते, त्यांनी फक्त भुवई उचलली.

पुन्हा व्हाइस, पुन्हा रेंच. आता सांध्यात ताण नव्हता, उरली होती ती गोंदाची पकड. अशा वेळी सावकाश ओढून उपयोग नाही. वाकणारा दांडा सगळा जोर स्वतःच गिळतो. काकांनी पाइप काढून टाकला, आखूड दांडा लावला आणि तांब्याच्या हातोड्याचा एकच घाव घातला. सांधा सुटला. पुढचे वेढे मी हातानं उलगडले, आणि आट्यांतून लालसर चुरा टेबलावर सांडत गेला. बॅरलच्या आट्यांना थ्रेडलॉकर लावायची काहीच गरज नसते. ज्यानं लावला त्याला बहुधा वाटलं असेल, लावलेला बरा.

ॲक्शनचे आटे ॲसिटोन, पितळी ब्रश आणि टोकदार केलेल्या बांबूच्या काडीनं साफ केले. त्याला दीड तास गेला. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवला असता तर पाच मिनिटांत झालं असतं, पण टॅप चुऱ्याबरोबर आट्यांचं धातूही खरवडतो आणि नवी बॅरल सैल बसते.

नवी बॅरलही स्टेनलेसची, ॲक्शनही स्टेनलेसची, आणि ही जोडी कोरडी फिरवली तर भांडते. पृष्ठभागावरचा पातळ संरक्षक थर घासून गेला की उघडं धातू धातूला चिकटतं, आणि मग अर्ध्या वेढ्यावर कायमचं जाम. म्हणून आट्यांना आणि खांद्याला अँटी-सीझ ग्रीसचा पातळ हात दिला. टॉर्क रेंचनं आवळलं आणि काकांनी चेंबरची खोली तपासायचे गेज घेतले. 'गो' गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, 'नो-गो'वर होताच कामा नये. .३०८ साठी या दोन्हींत फरक फक्त ०.१ मिलिमीटरचा. पहिल्यावर बोल्टचा दांडा स्वतःच्या वजनानं खाली आला. दुसऱ्यावर अर्ध्यात थांबला. काकांनी ते तीनदा करून बघितलं.

जुन्या बॅरलचा मागचा तुकडा मी मागून घेतला आणि उभा चिरला. बोअरस्कोपमध्ये दिसलेल्या भेगा आता नखालाही लागतात. दोन्ही अर्धुकं माझ्या टेबलावर असतात, वह्यांवर वजन म्हणून. एकावर खडूची फुली अर्धवट पुसलेली आहे, दुसऱ्यावर तो ब्लॉक. त्याचा स्क्रू अजून निघालेला नाही.