उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचा दिवा: आकार जुळला, व्होल्टेजचे काय?

भारतात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना व्हॅक्यूम क्लीनर म्हटले की चाकांवर सरकणारा बुटका डबा आणि त्याला जोडलेली लांब नळी आठवते, कारण १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून जी यंत्रे दाखवली ती बहुतांशी याच घाटाची होती. अमेरिकेत मात्र घराघरांत रुळले ते उभे यंत्र: खाली मोटर आणि फिरता ब्रश, वर दांडा, दांड्याला लावलेली धुळीची पिशवी आणि पुढच्या तोंडाशी एक दिवा. ओहायोत राहायला आल्यानंतर शेजारच्या आजींनी घर आवरताना असेच एक १९७०च्या दशकातले यंत्र आम्हाला दिले. त्याची मोटर ठणठणीत होती, पण दिवा उडालेला होता. तो बदलण्याच्या निमित्ताने जी माहिती जमवली आणि हाताने पडताळून पाहिली, ती येथे लिहून ठेवतो आहे.

दिवा ही हौसेची गोष्ट असावी असा माझाही आधी समज होता, कारण ज्या खोलीत छताचा दिवा लागलेला असतो तेथे पंधरा वॅटच्या बल्बने काय मोठा उजेड पडणार, असे कोणालाही वाटेल. परंतु त्याची किंमत उजेडाच्या प्रमाणात नसून कोनात आहे. छतावरून येणारा प्रकाश धुळीच्या कणावर सरळ वरून पडतो आणि त्याची सावली कणाखालीच लपते, तर जमिनीपासून चार-पाच बोटांवर असलेला दिवा तिरकस, जवळजवळ आडवा प्रकाश टाकतो. त्यामुळे मावळतीच्या उन्हात रस्त्यावरच्या खड्याचीही लांब सावली पडावी, तशी गालिच्यावरच्या केसाची आणि फरशीवरच्या रेतीची सावली उठून दिसते. पलंगाखाली आणि सोफ्यामागे तर छताचा दिवा पोहोचतच नाही. डायसन कंपनीने २०२१ साली ‘व्ही १५ डिटेक्ट’ या यंत्रात धूळ दिसावी म्हणून हिरवा लेझर बसवला आणि त्याचे मोठे कौतुक झाले, पण तत्त्व तेच जुने आहे. अमेरिकी उभ्या यंत्रांच्या पुढे दिवे आले ते १९३०च्या दशकातच.

इतिहासात फार शिरत नाही. ओहायोतल्याच कॅन्टन गावी एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांनी १९०८ साली उभ्या विद्युत यंत्राचे पेटंट मिळवले आणि चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम हूव्हर यांनी ते विकत घेतले, एवढे सांगितले तरी या यंत्राचे माहेर कोठले ते कळते.

आता मूळ कामाकडे येतो. बल्ब विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न सोडवायचा असतो आणि बहुतेक जण तो टाळून थेट आकार जुळवायला लागतात. प्रश्न असा की आपल्या यंत्रातला दिवा घरातल्या १२० व्होल्टवर चालतो की कमी व्होल्टेजवर? जुन्या धातूच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या यंत्रांत बहुधा पहिला प्रकार आढळतो: दिवा आणि मोटर एकाच स्विचच्या पुढे समांतर जोडलेली असतात आणि दिव्याला थेट घरचाच वीजपुरवठा मिळतो. नंतरच्या काळातल्या अनेक हलक्या प्लॅस्टिकच्या यंत्रांत मोटरच्या स्थिर गुंडाळीतूनच एक फाटा काढलेला असतो आणि त्यावर साधारण बारा-तेरा व्होल्टचा, मोटारगाडीत वापरतात तसा, बूड चपटे असलेला काचेचा छोटा बल्ब जळतो. तो सरळ ओढला की निघतो व सरळ दाबला की बसतो, त्यामुळे त्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. जुन्या बल्बच्या बुडाजवळ ९०६, ९१२ किंवा ९२१ यांसारखा आकडा छापलेला असतो, तोच आकडा मागावा. हे तिन्ही दिसायला सारखे आणि एकमेकांच्या जागी बसणारे असले तरी त्यांना लागणारा विद्युतप्रवाह वेगळा आहे: ९१२ साधारण एक अँपिअर घेतो, तर ९२१ सुमारे १.४ अँपिअर. म्हणजे तेवढ्या प्रमाणात तो अधिक तापतो, आणि समोरच्या प्लॅस्टिकच्या काचेला ते मानवत नाही.

१२० व्होल्टच्या यंत्रांत खरी गंमत आहे. अमेरिकेतले घरगुती बल्ब आट्यांचे, म्हणजे फिरवून बसवायचे. आपल्याकडे मात्र दोन बाजूंना पिना असलेला, दाबून किंचित वळवायचा बल्ब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जुन्या व्हॅक्यूममध्ये बहुधा हाच आपल्या ओळखीचा पिनचा बल्ब निघतो, फक्त आकाराने लहान: भारतातल्या घरगुती बल्बच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर असतो, तर या बल्बच्या टोपीचा १५ मिलिमीटर. बाजारात त्याला ‘१५टी८डीसी’ म्हणतात. यातले पहिले १५ म्हणजे वॅट. टी म्हणजे नळीचा आकार. ८ म्हणजे इंचाचे आठ अष्टमांश, अर्थात एक इंच व्यास. आणि शेवटची दोन अक्षरे सांगतात की बुडाशी संपर्काचे दोन ठिपके आहेत. हाच बल्ब अनेक जुन्या शिलाई यंत्रांतही असतो आणि अमेरिकेत शिलाई यंत्रे व व्हॅक्यूम क्लीनर एकाच दुकानात दुरुस्त करण्याची प्रथा असल्यामुळे तो तेथे हमखास मिळतो. साध्या तारेच्या बल्बवर ऑगस्ट २०२३ पासून तेथे जी बंधने आली, त्यांतून घरगुती उपकरणांसाठीचे असे छोटे बल्ब वगळलेले आहेत, त्यामुळे ते बाजारातून नाहीसे होतील ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

धोका आहे तो सारख्या दिसणाऱ्या भावंडांचा. दोन समोरासमोरच्या पिना, बुडाशी दोन ठिपके आणि १५ मिलिमीटरची टोपी असलेला ‘११४२’ नावाचा बल्ब बोटींत आणि फिरत्या घरांत वापरतात. तो या होल्डरमध्ये अगदी चपखल बसतो, पण तो बारा व्होल्टचा आहे. १२० व्होल्टचा दाब मिळताच तो क्षणात फुटतो, आणि एलईडीचा असेल तर धूरही निघू शकतो. ऑनलाइन खरेदी करताना टोपीच्या प्रकाराने शोध घेतला की एलईडी दिव्यांच्या यादीत पहिल्या पानावर बहुतेक हेच बारा व्होल्टचे दिवे येतात, आणि व्होल्टेजचा उल्लेख वर्णनात खाली कोठेतरी बारीक अक्षरांत असतो. उलट दिशेची चूकही संभवते: भारतातून कोणी शिलाई यंत्राचा २३० व्होल्टचा पंधरा वॅटचा बल्ब आणला आणि तो बसला, तर काही बिघडत नाही, पण १२० व्होल्टवर त्याचा प्रकाश मूळच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा पडतो आणि बल्ब लाल निखाऱ्यासारखा मिणमिणतो. अमेरिकेतला बल्ब भारतात लावला तर मात्र तो टिकण्याची आशाच नको.

पॅकेटवर १२० व्होल्ट आणि १३० व्होल्ट असे दोन प्रकार आढळतात. माझे मत १३० व्होल्टच्या बाजूने आहे. तारेच्या बल्बला त्याच्या ठरलेल्या दाबापेक्षा थोडा कमी दाब मिळाला की प्रकाश घटतो, पण आयुष्य त्याहून कितीतरी अधिक वेगाने वाढते. १३० व्होल्टचा बल्ब १२० वर चालवल्यास प्रकाश सुमारे पाव हिश्शाने कमी होतो आणि आयुष्य हिशेबाने अडीच ते तीन पट होते. व्हॅक्यूममध्ये हा सौदा फायद्याचा आहे, कारण येथे बल्ब म्हातारा होऊन क्वचितच मरतो. तापून मऊ झालेली टंगस्टनची बारीक तार, शेजारी घरघरणारी मोटर, गालिच्यावर आपटणारा ब्रश आणि पलंगाच्या पायावर बसणारे धक्के यांनीच ती तुटते, आणि कमी दाबावर ती तेवढी तापत नाही. तारेला जास्तीचे आधार दिलेला, धक्के सोसणारा बल्ब त्याच मापात मिळाला तर तो अवश्य घ्यावा. वॅट मात्र झाकणाच्या आत छापलेल्या आकड्यापेक्षा वाढवू नयेत, कारण बंद झाकणाखालची उष्णता बाहेर जायला वाट नसते.

बदलण्याचे काम स्वतःहून सोपे आहे. स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लग भिंतीतून काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवावा, आणि यंत्र नुकतेच चालवलेले असेल तर बल्ब गार होऊ द्यावा. झाकण काही यंत्रांत दोन स्क्रूंनी, काहींत नुसत्या खाचांनी बसवलेले असते. चाळीस-पन्नास वर्षांचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असल्याने, झाकण सहज निघत नसेल तर कोठेतरी एखादा स्क्रू धुळीच्या थराखाली दडलेला आहे असेच समजावे आणि स्क्रूड्रायव्हरची तरफ करून ते उचकटण्याचा मोह आवरावा. बल्ब आत दाबून डावीकडे किंचित वळवला की पिना खाचेतून सुटतात. काच फुटून टोपी आत अडकली असेल, तर हातमोजे घालून लांब नाकाच्या पकडीने टोपीची कड धरावी आणि तशीच दाबून वळवावी.

बल्ब बाहेर आल्यावर होल्डरकडे नीट पाहावे, कारण दिवा न लागण्याचे कारण प्रत्येक वेळी बल्बच असते असे नाही. बुडाच्या दोन ठिपक्यांना टेकणाऱ्या स्प्रिंगच्या टाचण्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने काळ्या पडतात किंवा आत रुतून बसतात. बारीक पॉलिश कागदाने त्या घासाव्यात आणि बोथट काडीने दाबून त्या परत वर येतात का ते पाहावे. बल्ब तपासायचा तर त्याची तार डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा मल्टिमीटर लावणे बरे. येथे एक गोष्ट अनेकांना बुचकळ्यात पाडते: पंधरा वॅटच्या १२० व्होल्टच्या बल्बचा रोध हिशेबाने ९६० ओहम यायला हवा, पण मीटर शंभर ओहमच्याही खाली आकडा दाखवतो. बल्ब बिघडलेला नसतो. टंगस्टन गार असताना त्याचा रोध तापलेल्या स्थितीच्या साधारण दहाव्या-बाराव्या हिश्शाएवढाच असतो. मीटरने काहीच आकडा दाखवला नाही, तरच तार तुटलेली आहे.

समांतर जोडणीच्या यंत्रात दिव्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते दुरुस्ती करणाऱ्याला तो उजेडाइतकाच मोलाचा वाटेल. मोटर गप्प आहे पण दिवा लागतो, म्हणजे वायर आणि स्विच ठीक आहेत, दोष मोटरकडे शोधावा. दोन्ही बंद असतील तर आधी वायर तपासावी. दांडा खालीवर करताना दिवा फडफडत असेल, तर वायर दांड्यात शिरते त्या वळणावर आतल्या तांब्याच्या तारा तुटत आल्या आहेत, आणि तसे यंत्र वापरणे त्याच क्षणी थांबवावे. मोटरच्या गुंडाळीतून वीज घेणाऱ्या यंत्रांत हे गणित लागू पडत नाही, कारण तेथे मोटर थांबली की दिवाही विझतो. मात्र मोटर चालू असून दिव्याची ज्योत सारखी खालीवर होत असेल, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत का ते पाहून घ्यावे.

एलईडीविषयी बरेच जण विचारतात. धक्क्यांनी तुटायला त्यात तारच नाही आणि उष्णता नगण्य, म्हणून कल्पना चांगली आहे. १२० व्होल्टसाठीच बनवलेला, त्याच टोपीचा आणि झाकणाखाली मावेल एवढ्या लांबीचा मिळाला तर खुशाल लावावा. गुंडाळीवरच्या कमी व्होल्टेजच्या यंत्रांत मात्र मोटारगाडीसाठीचे एलईडी नीट चालतीलच असे नाही. गाडीत बॅटरीची एकदिश वीज असते, तर येथे दिशा बदलणारी वीज आणि वर मोटरच्या ठिणग्यांचे झटके असतात. तारेचा बल्ब हे सगळे मुकाट्याने गिळतो, एलईडी लुकलुकतो किंवा लवकर मरतो. शिवाय जुन्या यंत्रातला परावर्तक बल्बच्या मध्यावरची तार हेरून घडवलेला असतो, त्यामुळे चहूबाजूंना चिप्स लावलेल्या एलईडीचा प्रकाश भलतीकडेच फाकतो आणि जमिनीलगतचा तो तिरकस पट्टा विस्कटतो. आमच्या यंत्रात मी १३० व्होल्टचा तारेचा बल्बच ठेवला आहे.

समोरची काच पिवळी पडली असेल तर ती कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवावी. ॲसिटोन किंवा थिनर लावल्यास प्लॅस्टिकमध्ये जाळीसारख्या चिरा पडतात. झाकण उघडलेलेच आहे तर ब्रश फिरवणारा रबरी पट्टाही पाहून घ्यावा, तो बहुतेक जागीच हाताशी येतो आणि ताणून ढिला झालेला असतो. नवा बल्ब दाबून उजवीकडे वळवावा, पिना खाचेत बसल्याचे हाताला कळते. मग झाकण घट्ट करण्यापूर्वी ब्रशपासून बोटे आणि बाह्या दूर ठेवून प्लग लावावा, दिवा लागतो का ते पाहावे, प्लग पुन्हा काढावा आणि मगच स्क्रू आवळावेत. प्लॅस्टिकमधल्या आट्या जुन्या असल्याने स्क्रू आधी उलटा फिरवून तो जुन्या आटीत अलगद पडू द्यावा आणि मग हातानेच, फार जोर न लावता, आत न्यावा.