थोरला आत गेला काय?

सोमवार, रात्री साडेदहा

आज पोरं अकराच आली. पावसामुळे नव्हे. बेळगावच्या ह्या वडगावातल्या पोरांना आषाढाचा पाऊस काही नवा नाही. चपला हातात घेऊन पळत येतात आणि खोलीभर चिखलाची पावलं उमटवतात. आज आली नाहीत, कारण काल आलेले ते तिघे गल्लीच्या तोंडाशी पुन्हा उभे होते.

काल ते खोलीतच आले होते. आवाज चढवला नाही, तेवढं बरं. "पोरांना इथं काय शिकवतासा?" एवढंच विचारलं. मी फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर वर्गसमीकरण अर्धवट सोडवलेलं होतं. हजेरीची वही दिली. एकानं ती उलटसुलट चाळली आणि विचारलं, "प्रार्थना?" म्हटलं, आमची ख्रिस्ती प्रार्थना रविवारी सकाळी, ज्याला यायचं तो येतो, दार उघडं असतं. संध्याकाळी सात ते नऊ नुसता अभ्यास. पटलं की नाही, त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

आणि आज दिवेलागणीला घरमालक आले. पायरीवरच उभे राहिले. चहा नको म्हणाले, तेव्हाच माझ्या पोटात धस्स झालं. "अक्का, माझं तुमच्याशी काही वाकडं नाही. खरं पोरीचं जमवायचं चाललंय. महिनाअखेर खोली मोकळी करून द्या." त्यांच्यावर रागावू कशी? चार मागांवर संसार चालवणारा माणूस. सहा वर्षांत एकदाही भाड्यासाठी दारात आला नाही.

हे पाळीहून आले तेव्हा त्यांना सांगितलं. उद्यमबागेत ओतकामाच्या मोल्डिंगवर आठ तास काढून आलेला माणूस. अंगाला अजून वाळूचा वास होता. काही बोलले नाहीत. भाकरी तशीच ठेवून बराच वेळ हात धूत राहिले.

मंगळवार

झोप आली नाही, म्हणून हे काम सुरू कसं झालं ते लिहून ठेवते.

2019 च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी घराघरांत शिरलं. मागांच्या मोटरी पाण्यात, भीम (ताण्याचे रूळ) भिजलेले, अर्ध्यावर विणलेली लुगडी चिखलात. आम्ही ख्रिस्ती मंडळीतली सात-आठ माणसं तांदळाच्या पिशव्या, खराटे आणि बादल्या घेऊन आलो. एका घरात एक बाई सुताच्या भिजलेल्या कांड्या उन्हात मांडत होती. पिशवी घेतली आणि म्हणाली, "तांदूळ सगळेच देतात बाई. माझ्या पोराला गणित सांगणारं कोण असलं तर बघा."

मला लाज वाटली. इतकी वर्षं आपण लोकांना काय द्यायचं ते आपणच ठरवत होतो. काय पाहिजे ते आधी विचारायचं सुचलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात ही खोली घेतली. संध्याकाळी अभ्यास. त्या बाईच मग एका रविवारी आपणहून आल्या, मागे बसल्या. त्यांच्या मागून शेजारीण. आज चौदा कुटुंबं आहेत. त्याला कुणी मंडळी म्हणेल, कुणी नाही. आमच्यासाठी ती मंडळीच आहे.

बेळगावात हे काही पहिल्यांदा घडत नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये इथं आले; 1904 मध्ये ते सगळं काम मेथडिस्ट मिशनकडे गेलं. बेनन स्मिथ शाळेच्या नावात त्या लंडन मिशनच्याच दोघांची आठवण आहे. माझे आजोबा त्या शाळेत शिकले. दोनशे वर्षांत किती पाळक आले, किती गेले, त्यांच्या प्रवचनांतलं एक वाक्य गल्लीत कुणाला आठवत नाही. शाळेचा रस्ता मात्र रिक्षावाल्यालाही विचारावा लागत नाही.

बुधवार

सकाळी एक तरुण आला होता. वीस वर्षांचा आहे. पहाटे भरतीसाठी पळतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे तिथली निम्मी पोरं पहाटे पळतच असतात. गेलं वर्षभर रविवारी येतो, शेवटच्या रांगेत बसतो. आज सरळ म्हणाला, "अण्णा, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे."

ह्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर आनंदानं मिठी मारली असती. ह्यांनी त्याला पाटावर बसवलं आणि सगळं उघड करून सांगितलं. तू अनुसूचित जातीतला. राष्ट्रपतींचा 1950 चा आदेश असा आहे की हिंदू सोडून दुसऱ्या धर्मात गेलं की तो दर्जा जातो. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती लोकांना नाही. म्हणजे सरकारी नोकरीत, फीमध्ये, वसतिगृहात जे मिळतं ते जाईल. शिवाय आपल्या कर्नाटक राज्याचा धर्मांतराचा कायदा आहे. इथल्याच सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनात डिसेंबर 2021 मध्ये विधानसभेत विधेयक मंजूर झालं, 2022 मध्ये कायदा झाला. 2023 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं तो मागे घ्यायचं ठरवलं. खरं आपण त्याच्यातलं काहीही डावलणार नाही. तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा, तूही आणि मीही. आणि सगळ्यांत आधी तुझ्या बाबांशी बोल.

तो ऐकत राहिला. शेवटी विचारलं, "येशूला जातीचा दाखला लागतो काय?"

हे म्हणाले, "त्याला नाही लागत. तुला लागतो. म्हणून घाई नको."

तो गेल्यावर हे खूप वेळ खिडकीशी उभे होते. मी विचारलं, चुकलं असं वाटतं काय? म्हणाले, "नाही. खरं माझ्या तोंडून कायद्याची कलमं आणि त्याच्या तोंडून विश्वास निघाला, हे मला लागलं."

मला वाटतं ह्यांनी बरोबर केलं. गरिबाच्या पोरानं देवाकडे यायचं तर त्याची किंमत काय पडते ते त्याला आधी कळलं पाहिजे. न सांगता पाण्यात उतरवणं हे मला फसवणुकीसारखंच वाटतं.

शुक्रवार

आम्हांला दरमहा थोडी मदत पाठवणारे एक बंधू आले होते. चांगले आहेत, देवभीरू आहेत. वही उघडून बसले. किती पोरं येतात? चाळीसच्या आसपास. त्यांतली रविवारी किती? सहा. बाप्तिस्मे किती? यंदा एकही नाही. त्यांची पेन्सिल थांबली. "ताई, मग हे शिकवणीचं काम झालं. मंडळीचं काय?"

उत्तर देता आलं नाही. ते गेल्यावर आता सुचतंय. त्या चाळिसांतले तिघे ओसीच्या, म्हणजे मटक्याच्या चिठ्ठ्या पोचवायचे, त्यांनी सोडलं. एकजण मोबाईलवरच्या रमीत आईची भिशी हरला होता. तो रात्री अकराला आमचं दार वाजवून ओट्यावर बसून रडला. माव्याच्या पुड्या, नशेला हुंगायचा व्हाइटनरचा रुमाल, ही सगळी ह्याच गल्लीतली पोरं. त्यांना मी येशूचं नाव सांगितलेलं नाही. त्यांच्या आईबापांशी मी तसं ठरवलंय आणि तो शब्द मोडणार नाही. रात्री अकराला ज्या दारात यायचं त्याला सुचलं, ते दार कुणाच्या नावानं उघडं राहतं हे मला ठाऊक आहे. बंधूंच्या वहीत त्याचा रकाना नाही. मला त्यांचा राग नाही, पण वाईट वाटलं. पुढच्या महिन्यापासून मदत आली नाही तर खडू आणि वीजबिल कुठून भागवायचं, तेही बघायला हवं.

रविवार, आषाढी एकादशी

खोलीतली बहुतेक शेवटची उपासना. पलीकडच्या विठ्ठल मंदिरात पहाटेपासून भजन चाललं होतं, भिंतीला भिंत. आम्ही 'उपासना संगीत' ह्या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत घेतलं, ना. वा. टिळकांचं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाची चाल काही सोडली नाही. तुकोबाच त्यांना ख्रिस्ताकडे घेऊन आले असं ते मानत. माझी आजी त्यांचे अभंग जात्यावर म्हणायची. आज पलीकडचे टाळ आणि आमचं गाणं एका लयीत आलं. कुणी ठरवलं नव्हतं. आमच्यातल्या बायका हसल्या, आणि मग मोकळ्या गळ्यानं म्हणू लागल्या.

वाचन लूकच्या पंधराव्या अध्यायातलं होतं, उधळ्या पुत्राचं. वाचायला 2019 च्या त्या बाईंचा थोरला उभा राहिला. अठरा वर्षांचा आहे, रात्री मागावर असतो, दहावीचं गणित राहिलंय, आता परीक्षा 3, म्हणजे वर्षातली तिसरी संधी, देतोय. शिकला कन्नड माध्यमात. घरात मराठी, शाळेत कन्नड, देवनागरी अक्षरं हिंदीच्या तासाला शिकलेली. त्यामुळे मराठी पुस्तक हातात आलं की स्वतःचीच भाषा परक्यासारखी वाचतो. 'ज्ञान' ला 'ग्यान' म्हणतो, 'जग' मधला ज हिंदीतला लावतो. मी त्याला एकदा सांगितलं होतं, आईशी बोलतोस तसं वाच. तेव्हापासून जरा सुटलाय. सीमाभागातल्या आमच्या पोरांचं हे दुखणं सभांच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही. मला मात्र दर रविवारी ऐकू येतं.

वाचता वाचता 'वडील मुलगा शेतात होता' इथं थांबला. "अक्का, वडील की मुलगा?" जुन्या मराठीत वडील म्हणजे थोरला, असं सांगितलं. "म्हणजे मी," म्हणाला आणि पुढे वाचू लागला. थोरला कामावरून येतो, घरात वाजंत्री ऐकतो, रागावतो, आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तिथं अध्याय संपतो.

त्यानं पान उलटलं. परत मागे आला. "थोरला आत गेला काय?"

हे म्हणाले, "लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं काय?"

कुणी बोललं नाही. त्याची आई खाली बघत होती. तिचा धाकटा मार्चमध्ये घरातले पैसे घेऊन गोव्याला हॉटेलात कामाला पळाला होता. परवा परत आला, हाडं उरलेली. तिनं त्या रात्री कोंबडी केली. थोरला मागावरून सकाळी आला तेव्हा रस्सा संपला होता. हे तिनंच मला नळावर सांगितलं होतं, पदर तोंडाला लावून.

ह्यांनी आज प्रवचन केलंच नाही. प्रार्थना केली आणि सोडलं.

दुपारी मंदिराचे माळकरी आजोबा आले. भजनी मंडळाचे म्होरके, ऐंशीच्या पुढचे. उपासाचे होते, तरी दारात बसून पाणी घेतलं. "खोली काढून घेतली म्हणे. पोरांचा अभ्यास मोडायचा नाही. मंदिराच्या ओसरीत बसवा. दिवा आहे, पंखा आहे. खरं एक, तिथं तुमची प्रार्थना नको." मी म्हटलं, आजोबा, इथंही नव्हती. ते म्हणाले, "ठाऊक आहे की. माझा नातू तुमच्याकडंच येतोय."

मी हो म्हटलं. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. रात्री सांगितलं तर ह्यांनी फक्त विचारलं, "आणि रविवारचं?" ते मला सुचलेलं नव्हतं.

मंगळवार

ओसरीतला पहिला दिवस. पोरं सव्वीस! आजोबा खांबाला टेकून बसले होते, एकेकाचं डोकं मोजत, जणू त्यांचीच हजेरी. ते तिघे समोरून गेले. त्यांतल्या एकानं आजोबांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

थोरला आठ वाजता आला, केसांत कापूस. पहिली तीन उदाहरणं चुकली, चौथं बरोबर आलं. परवा पेपर आहे. पास होण्यापुरते पडले तरी पुरे, म्हणाला. मी म्हटलं, एक जास्तीचा प्रयत्न कर. हसला नाही, पुढचं उदाहरण घेतलं.

निघताना त्याची आई ओसरीच्या पायरीपाशी थांबली होती. म्हणाली, "रविवारी आमच्यात या. मागाच्या खोलीत. सकाळी माग बंद असतोय. चटई घातली की पंधरा माणसं बसतात." मी तिचा हात धरला. मग विचारलं, घरात सगळ्यांना चालेल काय?

"धाकटा काय, हो म्हणाला लगेच. थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, बघू."