आमची वाटचाल : लाल वायरपासून सुरुवात

मी आणि माझा भागीदार, दोघेही लिफ्टचे मेकॅनिक. नोकरी सोडली तेव्हा हाताशी एक टूलबॉक्स, एक मल्टीमीटर आणि देखभालीचा एकच करार होता, एका चार मजली इमारतीचा.

पहिल्याच दिवशी तिथला कंट्रोलर, म्हणजे लिफ्ट चालवणारी विजेची पेटी, उघडला, तर दाराच्या लॉकच्या दोन टर्मिनलांना जोडणारी वीतभर लाल वायर दिसली. लॉकचा काँटॅक्ट, म्हणजे दार नीट लागले तरच जुळणारा विजेचा जोड, सारखा दगा देई, म्हणून आधी कोणीतरी तो वगळूनच टाकला होता. लिफ्टचे सगळे सुरक्षा काँटॅक्ट एका माळेत ओवलेले असतात. एक जरी उघडा राहिला तरी मोटर आणि ब्रेकचा पुरवठा तुटतो. त्यातला दाराचाच मणी काढला, की दार उघडे असतानाही केबिन निघून जाते आणि समोर मोकळा शाफ्ट उरतो. आम्ही वायर उपटली आणि लिफ्ट बंद केली. नवे लॉक यायला दोन दिवस लागले, रहिवाशांनी भरपूर ऐकवले. वायर मारून लिफ्ट चालवायची नाही, हा आमचा नियम तिथेच ठरला. त्यापायी पुढे तीन करार गेले. गेले ते बरेच झाले.

नवा मुलगा कामावर आला की आधी त्याला मशीन रूममध्ये नेतो. केबिन रिकामी, दारे बंद, मेन स्विच बंद. ब्रेक हाताने सोडायचा लिव्हर हलकेच दाबायचा आणि केबिन कुठे जाते ते पाहायचे. ती वर सरकते! दोरांच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट टांगलेले असते; त्याचे वजन म्हणजे केबिनचे वजन अधिक तिच्या पूर्ण क्षमतेच्या साधारण निम्मा भार, म्हणून रिकाम्या केबिनपेक्षा तेच जड. ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो, त्यामुळे वीज गेली की ड्रम आवळलाच जातो.

‘दोर तुटला तर?’ हा प्रश्न प्रत्येक इमारतीत येतो. केबिन एका दोरावर नसतेच. शिवाय खाली येताना वेग मर्यादेबाहेर गेला तर वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर अडकतो आणि केबिनखालचे जबडे गाईड रेल, म्हणजे केबिन ज्यांवरून सरकते ते उभे रूळ, पकडतात. 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस यांनी स्वतः फलाटावर उभे राहून दोर कापायला लावला होता. त्यांचा फलाट जागीच थांबला.

आता आम्ही नऊ जण आहोत. रिलेचे कंट्रोलर जाऊन मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारे ड्राइव्ह आले, लिफ्ट मजल्याशी अलगद थांबू लागल्या. बिघाड मात्र अजूनही बहुतेक दारातच निघतात. उंबऱ्याच्या खाचेत खडा अडकतो, दार बोटभर उघडे राहते, लिफ्ट जागची हलत नाही. म्हणून दर महिन्याच्या फेरीत सर्वांत आधी ब्रश घेऊन प्रत्येक मजल्याची खाच साफ करतो.