तुम्ही विचारलंत म्हणून: निलेकणी हरले कसे?

मी २०१४ ला बेंगळुरूत नोकरीला होतो आणि नंदन निलेकणींच्या प्रचारात फिरलो होतो हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो, एवढा हुशार माणूस, इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक, आधार उभं केलेला, तो पहिल्याच लोकसभेला पडला कसा? आणि विचारणारा उत्तरही स्वतःच देऊन टाकतो, आपल्या लोकांना शिकलेला माणूस नकोच असतो. हे मला अजिबात पटत नाही.

आधी मतदारसंघ बघा ना. बेंगळुरू दक्षिण. काँग्रेसने तिथे शेवटचं जिंकलं १९८९ ला. समोर भाजपचे अनंतकुमार, १९९६ पासून सलग पाचदा निवडून आलेले. निलेकणी मार्चमध्ये काँग्रेसमध्ये आले आणि मतदान १७ एप्रिलला, म्हणजे हातात सहा आठवडेसुद्धा नाहीत, त्यात मोदींची लाट.

पण मला खरं कळलं ते जयनगरच्या एका गल्लीत. एक आजी जाळीच्या दारातूनच बोलत होत्या, मी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये आधारचं सांगत होतो, पहिला नंबर आमच्या महाराष्ट्रात नंदुरबारच्या टेंभलीत दिला २०१० ला वगैरे, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, नळाला पाणी तीन दिवसांनी येतं, कोणाला सांगू? मी हातातल्या छापील यादीकडे बघत राहिलो. तेवढ्यात समोरच्या पक्षाचा बूथवाला स्कूटरवरून आला, आजींना नावाने हाक मारली, नातवाची दहावी कशी गेली विचारलं, वॉल्व्हमनला फोन लावला. तो माणूस त्या गल्लीत कित्येक वर्षं येत होता आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो होतो. मग आजींनी मत त्याच्या पक्षाला दिलं असेल तर त्यांचं काय चुकलं, सांगा.

आणि आमचे आयटीवाले? मी बीटीएम लेआउटला राहायचो, पीजीच पीजी (पेइंग गेस्टची घरं), प्रत्येक मजल्यावर इंजिनिअर. निलेकणी आले पाहिजेत असं सगळेच म्हणायचे पण नाव यादीत आहे का विचारलं की कोणी कानपूर सांगायचं, कोणी विजयवाडा, इथल्या यादीत नाव घालायचा फॉर्म ६ भरायला वेळच झाला नाही म्हणे. ज्यांची नावं होती त्यातलेही काहीजण गावाला निघाले कारण गुरुवारी मतदान आणि शुक्रवारी गुड फ्रायडे.

माझं स्वतःचं नाव सांगलीच्या यादीत होतं. सांगलीचं मतदानही नेमकं त्याच दिवशी, १७ लाच! मी प्रचार सोडून गेलो नाही, म्हणजे ज्या माणसासाठी उन्हात फिरलो त्यालाही मत देता आलं नाही आणि सांगलीचंही वाया गेलं. दुपारी आईने फोन केला, मत देऊन आले, तू दिलंस का? मला काही बोलताच येईना.

१६ मे ला निकाल लागला, अनंतकुमार ६,३३,८१६, निलेकणी ४,०५,२४१. फरक सव्वादोन लाखांच्या वर, तेव्हा माझ्या एका मताने काही झालं नसतं हे मलाही कळतं. तरी ते ४ लाख बघा की. मतदानाच्या जेमतेम सहा आठवडे आधी राजकारणात आलेल्या माणसाला एवढ्या लोकांनी मत दिलं, आणि मग मला सांगतात लोकांना शिकलेला माणूस नको असतो.

जूनमध्ये मी घरमालकाकडून भाडेकरार घेतला आणि बीटीएमच्या पत्त्यावर फॉर्म ६ भरून टाकला.