ट्रिम्बल हाउस, १:२४ : भिंत अखेर हवी तशी तुटली

तुटली एकदाची! मागच्या अपडेटपासून बाकी सगळं काम बाजूला ठेवून मी फक्त मॉडेलमधल्या घराच्या उजव्या भिंतीच्या भगदाडामागे लागलो होतो.

नव्यांसाठी एका ओळीत: १९४३चा सिनेमा 'फॉरेव्हर अँड अ डे', आरकेओ या हॉलिवूड स्टुडिओचा. १८०४ साली अ‍ॅडमिरल ट्रिम्बलने लंडनमध्ये बांधलेलं घर, त्यात ट्रिम्बल आणि पॉम्फ्रेट या दोन घराण्यांच्या पिढ्या आणि शेवटी ब्लिट्झचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई हल्ल्यांचा, बॉम्ब. माझं मॉडेल त्या बॉम्बनंतरचं, मूळ मापाच्या चोविसाव्या हिश्शाचं. उभं कापलेलं घर, प्रत्येक खोलीत वेगळा काळ.

तर अडलं होतं ते तुटक्या कडेपाशी. फोम बोर्ड कितीही कुरतडला तरी कुरतडलेला फोम बोर्डच दिसतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा अखंड पत्रा ओतून, त्यावर विटा कोरून मोडला, तर तडा विटांच्या मधूनच सरळ आरपार जातो. जुन्या भिंती अशा पडत नाहीत. चुन्याचा दर्जा (म्हणजे विटांच्या सांध्यात भरलेला चुना) विटेपेक्षा कच्चा असतो, त्यामुळे भिंत सांध्यांतून सुटते. कड पायऱ्यापायऱ्यांची होते आणि एखादी अख्खी वीट बाहेर लोंबकळत राहते. ब्लिट्झचे फोटो काढून बघा, सगळीकडे हेच.

मग डोक्यात आलं, मॉडेललाही कच्चा दर्जाच देऊ की. प्लास्टरचा पातळ पत्रा ओतला, अर्धवट ओला असतानाच पट्टीवर ओल्फा कंपनीच्या कटरने विटा पाडल्या: ९ मिमी लांब, पावणेतीन मिमीला जरा कमी उंच. (ओल्फाचं पातं महाग वाटतं, पण स्टेशनरीतल्या कटरने कोपरे उडतात. यावर वाद घालणार नाही.) फ्लेमिश बाँड, म्हणजे प्रत्येक थरात एक वीट लांब बाजूने दिसणारी, एक आखूड तोंडाने. हे कंटाळवाणं आहे, हेडफोन लावून बसा. दर्जासाठी पानवाल्याकडचा चुना आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू. फेविकॉलचा थेंबही नाही! आठवडाभर सुकू दिलं आणि मागून अंगठ्याने दाबलं. भिंत सांध्यांतून उकलली, वरच्या कोपऱ्यात दोन विटा तशाच अधांतरी. मी तो तुकडा घरात सगळ्यांना दाखवत फिरलो. बायको म्हणाली, "इतके दिवस जोडत होतास ना?"

आतली बाजू सोपी गेली. जॉर्जियन, म्हणजे याच काळातल्या इंग्लिश घरांत आतल्या आडभिंती लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा देऊन करत. आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरल्या की काम झालं. खिडक्यांचं लेझर कटिंग मात्र परत करून घ्यावं लागणार. १७७४च्या लंडन बिल्डिंग अ‍ॅक्टनंतर खिडकीची लाकडी पेटी विटांच्या मागे दडवावी लागे, समोरून चौकट जेमतेम दिसते. ड्रॉइंग स्पष्ट असूनही कटिंगवाल्याने चौकट भिंतीच्या पातळीवर आणून ठेवली, वर एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाच्या) कडा कोळशासारख्या जाळल्या. पुढची ऑर्डर दुसरीकडे.

आता रंग. विचार होता लंडनची पिवळट स्टॉक वीट आणि वर काजळीचे वॉश, म्हणजे अगदी पातळ रंगाचे हात. नमुन्याचा तुकडा रंगवला, फोनचा कॅमेरा कृष्णधवलवर टाकून सिनेमाच्या फ्रेमशेजारी धरला आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय: अख्खं मॉडेलच करड्यात का नको? सिनेमा कृष्णधवल आहे, मग पिवळा रंग मी कुठून आणला? पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सात-आठ छटा आधीच मिसळून बाटल्यांत भरायच्या आणि त्याबाहेर जायचं नाही. अवघड आहे, कारण रंगाने झाकल्या जाणाऱ्या चुका करड्यात उघड्या पडतात. पण तळघरातला एकच दिवा, हवाई हल्ल्यात तिथे जमलेली माणसं... ते करड्यातच शोभेल. ठरलं. पिवळ्याच्या दोन नव्या बाटल्या कुणाला हव्या असतील तर सांगा.

यामुळे बाथटबचा बेतही बदलतोय. मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन आणि नट सेड्रिक हार्डविक प्लंबर होऊन टब बसवतात तो प्रसंग मला वरच्या मजल्यावर हवाच आहे. (सात दिग्दर्शकांचा सिनेमा, त्यामुळे खिचडी आहेच, पण कीटनसाठी सगळं माफ.) टबाला पितळी नळ करणार होतो, आता अ‍ॅल्युमिनियमची तार चालेल. टब मात्र घासून चकचकीत करणार, बाकी सगळं मॅट.

करड्यावर मॅट वार्निश मारल्यावर छटा किती गडद होते, कुणी करून पाहिलंय का? आधी सांगा, मग बाटल्या भरतो.